परत आलेली वाकळ

देणाऱ्याच्या समोर आहेर उघडून बघू नये, ही आमच्या घरची शिकवण. सहा-सात वर्षांचा असताना एका लग्नात पाहुण्यानं दिलेल्या सदऱ्याची घडी मी त्याच्यासमोरच मोडली आणि अंगाला लावून माप बघू लागलो. वडिलांनी भर मांडवात असा चिमटा काढला, की आता पन्नाशी उलटली तरी कुणी हातात पुडकं दिलं की माझा दंड हुळहुळतो. ही शिकवण मी इमानानं पाळली आणि त्या इमानापायी गेल्या हिवाळ्यात बायकोचं नाव घालवलं.

माझी बायको वाकळा शिवून ऑनलाइन विकते. वाकळ म्हणजे पुण्याकडं जिला गोधडी म्हणतात ती. विकायच्या वाकळीसाठी ती कोरं सुती कापड आणते, धुऊन मऊ करते, थरावर थर मांडते आणि हातानं टाके घालते. एका वाकळीला महिना-सव्वा महिना लागतो. आमच्या नांदेडच्या घरात या धंद्यातलं माझं पद पॅकिंगचं. म्हणजे खोका, टेप आणि मोबाइलवर व्हिडिओ. दिवसा शाळेत भूगोल शिकवतो, त्यामुळं खोक्यावर पत्ता लिहिण्याइतकी पात्रता माझ्यात आहे असं घरात मानलं जातं.

त्या दुपारी बायको कापड आणायला गेली होती. जाताना सांगून गेली, "एक वाकळ परत यायलीय लातूरहून. पार्सलवाला आला की आधी खोकं उघडा, व्हिडिओ काढत उघडा, वाकळ आपलीच हाय का बघा, आणि मग ओटीपी सांगा. उलटं करू नका." मी मान डोलावली. मान डोलावणं मला छान जमतं.

पार्सलवाला आला. चाळिशीचा गृहस्थ, घामाघूम, दारात उभा. मी त्याला पाणी दिलं, चहा दिला. चहा संपवून तो म्हणाला, "काका, ओटीपी सांगा की. मुदखेडला जायचंय अजून."

"अगोदर उघडून बघतो," मी म्हणालो.

"बगा की," तो म्हणाला आणि तिथंच उभा राहिला. माझ्या हाताकडं बघत.

आणि माझा दंड हुळहुळला. माणूस उन्हातून आला, आपला चहा प्याला, आणि आपण त्याच्या डोळ्यादेखत कात्री लावायची? म्हणजे त्याला चोरच म्हणायचं की. मी ओटीपी सांगून टाकला. तो "येतो काका" म्हणत जिना उतरला, आणि मग मी सावकाश, शिष्टाचार सांभाळून, एकट्यानं खोकं उघडलं.

आत सोलापुरी चादर होती. चौकटीची, विटलेली, एका बाजूला विडीनं जळल्याची दोन भोकं. वास असा की मी खिडकी उघडली. खोकं हातात घेतलं तेव्हाच ते निम्म्यानं हलकं लागलं होतं. पण वजन करणंसुद्धा मला अविश्वासाचं वाटलं असतं.

बायको आली. तिनं चादर बघितली, मग माझ्याकडं बघितलं. ती मूळची लातूरकडची. लग्नाला पंचवीसच्या वर वर्षं झाली, तिची बोली बरीच नांदेडी झालीय, पण संतापली की ती थेट माहेरी जाते. "काय करूलालाव ओ तुम्ही?" एवढंच म्हणाली. मी आहेराची शिकवण समजावून सांगायला लागलो. तिनं ती पूर्ण ऐकली. पूर्ण ऐकून घेणं ही तिची सगळ्यात वाईट शिक्षा आहे.

आम्ही काही या बाजारात काल आलेलो नव्हतो. गिऱ्हाईक नावाच्या थोर जातीची ओळख आम्हाला झालेली होती. एका बाईनं नातवाच्या बारशाला वाकळ मागवली, पाळण्याखाली अंथरली, पन्नास फोटो काढले आणि चौथ्या दिवशी "रंग आवडला नाही" म्हणून परत पाठवली. घडीत पेढ्याचा चुरा आणि कुंकवाचं बोट. बाळाचं नाव काय ठेवलं ते तेवढं कळवलं नाही. दुसऱ्या एका साहेबांनी पैसे पाठवल्याचं चित्र मोबाइलवर पाठवलं आणि मी ते चित्र बघून माल रवाना केला. भिंतीवरचा लाडू बघून ढेकर देणारा माणूस मी. पैसे बँकेत आले का, हे बघायचं असतं, चित्रात नव्हे, हे मला भूगोलाच्या पुस्तकात कुणी शिकवलं नव्हतं. तिसरे एक महाभाग म्हणाले, ॲपवर नको, थेट फोनवर बोलू, तुमचाच फायदा होईल. फायदा कुणाचा झाला हे सांगायला नको. बोलणं ॲपबाहेर झालं की पुरावाही ॲपबाहेर.

अशा लोकांचा मला राग येत नाही, किळस येते. भाजीवालीशी कोथिंबिरीच्या काडीवरून हुज्जत घालतील आणि ती हसली की शरमतील. इथं मात्र समोर तोंड नसतं. तोंड दिसत नाही म्हटल्यावर आपल्या शिकल्या-सवरल्या समाजाची लाज किती पातळ आहे ते कळतं. चोराला निदान कडी काढावी लागते, भिंत चढावी लागते, कुत्र्याला चुकवावं लागतं. हे लोक पलंगावर लोळत, अंगठ्यानं चोरी करतात आणि वर तक्रारही नोंदवतात.

बारशाच्या प्रकरणानंतर बायकोनं दस्तूर घालून दिला होता. घडीवरून आडवा लाल दोरा, शिवून टाकलेला. तो तोडल्याशिवाय वाकळ उलगडत नाही, आणि तोडला की परत घेणार नाही, हे आधीच छापून ठेवलेलं. पॅकिंगचा व्हिडिओ न थांबवता, पहिल्या घडीपासून शेवटच्या टेपपर्यंत, पत्त्याची चिठ्ठी स्पष्ट दिसेल असा. वजनकाट्याचा आकडाही त्यातच. सगळं चोख. फक्त या लातूरच्या पार्सलचा व्हिडिओ काढताना मी चिठ्ठी शेवटी, मोबाइल ठेवून दिल्यावर चिकटवली होती. परक्या माणसाचा पत्ता उगाच व्हिडिओत कशाला, असा सभ्य विचार केला होता. माझ्या सभ्यतेचं मोजमाप काढलं तर तेवढ्यात एक दुकान बुडतं.

पण चादर आली, वाकळ गेली, इथवर बायकोनं सोसलं असतं. दुसऱ्या दिवशी त्या गिऱ्हाइकानं तिच्या दुकानाखाली अभिप्राय लिहिला. एक चांदणी, आणि खाली: "वापरलेलं, जळकं अंथरूण नवं म्हणून पाठवलं. फसवणूक. कुणी घेऊ नये." सोबत त्या चादरीचा फोटो.

तिनं ते तीनदा वाचलं. दुसऱ्याच्या अंगाखालचं अंथरूण विकणारी बाई. आमच्याकडं आजारी माणसाचं अंथरूणसुद्धा कुणाला दाखवत नाहीत, आणि इथं तिचं नाव त्याखाली चिकटलं. तिच्यासोबत टाके घालायला गल्लीतल्या दोघी बसतात. त्यांनीही वाचलं. त्यातली एक म्हणाली, "ताई, माझ्या सासूनं विचारलं, खरंच जुनं लावता का मनून." त्या दिवशी बायकोनं सुई हातात घेतली नाही. दिवाळीनंतर सुरू झालेल्या मागण्या आठवड्यात थांबल्या. मला पैशाची काळजी नव्हती, तिलाही नव्हती. तिला तो अभिप्राय खाली उतरवायचा होता. बाकी काहीच नको होतं.

ॲपवाल्यांकडं तक्रार केली. तिकडून उत्तर आलं, "आम्ही आपल्या भावना समजू शकतो." मी लिहिलं, भावना नको, चादर बघा. उत्तर आलं, "आपण ओटीपी देऊन वस्तू योग्य स्थितीत मिळाल्याचं मान्य केलं आहे." मी पॅकिंगचा व्हिडिओ पाठवला. उत्तर आलं, "व्हिडिओतील खोके तेच असल्याचे सिद्ध होत नाही." मग बायकोनं माझ्या हातून मोबाइल घेतला आणि स्वतः लिहिलं, "आमच्या वाकळीच्या एका कोपऱ्यात ज्वारीचे पाच दाणे शिवलेले असतात. परत आलेल्या चादरीला शिवलेला कोपरा पण न्हाई आणि दाणे पण न्हाईत. गिऱ्हाइकाकडची वाकळ तपासा."

हे खरं होतं. तिच्या माहेरची रीत आहे. वाकळीचा शेवटचा कोपरा बंद करायच्या आधी आत ज्वारीचे पाच दाणे सरकवायचे. त्याला घास म्हणतात. वाकळ उपाशी राहिली तर पांघरणाऱ्याला उपाशीपोटी झोपायची वेळ येते, असं तिची आई सांगायची. दाणे आधी तव्यावर भाजून घेतात, म्हणजे कीड लागत नाही. विकायच्या वाकळीतही ती घास घालते. गिऱ्हाइकाला सांगत नाही.

ॲपवाल्यांचं उत्तर आलं, "वस्तूच्या वर्णनात ज्वारीचा उल्लेख आढळला नाही. आम्ही आपल्या भावना समजू शकतो."

तिनं मोबाइल उलटा ठेवला. "रविवारी लातूरला जायचं," ती म्हणाली.

"अगं, गिऱ्हाइकाच्या घरी असं जाता येत नाही. नियमात बसत नाही."

"माझं माहेर हाय ते. माहेरी जायला नियम लागतो व्हय?"

रविवारी आम्ही सकाळच्या बसनं निघालो. तिच्या पिशवीत ती चादर. धुतलेली नाही, जशी आली तशी. पत्ता परत आलेल्या खोक्यावर होताच, मीच चिकटवलेला. शिकवण्यांच्या भागात दुमजली बंगला, फाटकावर दोन कॅमेरे, भिंतीवर रंगवलेलं वाक्य: "चारित्र्य हीच खरी गुणवत्ता." खाली फळ्यावर यंदाच्या प्रवेशाची माहिती. म्हणजे गिऱ्हाईक शिकवणीचे मालक निघाले. स्वतःच्या फाटकावर दोन कॅमेरे लावणारा माणूस दुसऱ्याला पाठवतो ते पार्सल कॅमेऱ्यापुढं का भरत नसेल, हे मला तिथं उभं राहून कळलं.

फाटकाजवळ बाजेवर म्हातारा वॉचमन बसला होता. थंडी बोचरी होती. त्यानं अंगाभोवती शिकवणीचाच जुना बॅनर गुंडाळून घेतला होता. गेल्या वर्षीच्या गुणवंतांचे हसरे चेहरे त्याच्या छातीवर आणि पाठीवर. आम्ही काही बोलायच्या आत तो म्हणाला, "प्रवेशासाठी का? जावा आत. सर हायत."

लातूरमध्ये मधल्या वयाचे नवरा-बायको पिशवी घेऊन फाटकाशी उभे राहिले की ते पालकच असतात. मी त्याला खरं सांगायला तोंड उघडलं, तर बायकोनं कोपर मारलं. आम्ही आत गेलो.

सरांच्या पत्नीनं दार उघडलं, बसवलं, पाणी आणलं. गोड बाई. आणि आम्हाला जिथं बसवलं त्या दिवाणावर आमची वाकळ अंथरलेली. हिरव्या-जांभळ्या पट्ट्या, मधे पिवळा चौकोन. त्या चौकोनासाठी कापड मिळेना म्हणून नायगावपर्यंत जाऊन आलेला इसम मी. मी त्यावर बसू की नको, या विचारात अर्धा वाकून उभा राहिलो.

बायको मात्र बसली. वाकळीवरून हात फिरवला. "छान हाय ओ. कुठून घेतलात?"

"ऑनलाइन मागवली यांनी. लई ऊबदार हाय. टाके बघा कसे घातलेत," बाई कौतुकानं म्हणाली. तिला काहीच ठाऊक नव्हतं, हे स्पष्ट होतं.

एवढ्यात सर आले. इस्त्रीचा सदरा, खिशाला दोन पेन. मला बघून म्हणाले, "मुलगा की मुलगी?"

"मुलगी," मी म्हणालो. सवयीनं खरं बोललो. आमची मुलगी नोकरीला लागून तीन वर्षं झालीत.

"दहावीला किती?"

मी टक्के सांगणार होतो, पण बायको मधे पडली. "सर, प्रवेश नको. मी ही वाकळ शिवणारी. नांदेडहून आले."

सरांचा चेहरा माझ्या वर्गातल्या, कॉपी सापडलेल्या पोरासारखा झाला आणि तितक्याच लवकर सावरला. अनुभवी माणूस. "असं का! वा. पण ही तुमची नव्हे. तुमची परत पाठवली ना आम्ही. ही प्रदर्शनातून घेतली. सारखी दिसते, एवढंच. आणि तुमच्याकडं काही वेगळं पोहोचलं असेल तर कुरिअरवाले. त्यांचा काही भरवसा नसतो बघा."

"हो, तसंही होऊ शकतं," मी म्हणालो. हे मी का म्हणालो ते मला आजवर कळलेलं नाही. समोरचा माणूस अडचणीत दिसला की त्याला पाट-पाणी द्यायची खोड.

बायकोनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. सरांच्या पत्नीला म्हणाली, "ताई, हा कोपरा जरासा उसवू का? परत शिवून देते, इथंच बसून."

"कशाला ओ?"

"ह्यात ज्वारीचे पाच दाणे हायत. नसले तर मी तुमची माफी मागून जाते."

सर म्हणाले, "अहो, हे काय चालवलंय?" पण ताईंनाच आता बघायचं होतं. बायकोनं पिशवीतून लहान कात्री काढली, कोपऱ्याचे चार टाके कापले आणि वाकळ झटकली. फरशीवर दाणे पडले. एक, दोन, तीन, चार. पाचवा घरंगळत कपाटाखाली गेला.

मग ताई नवऱ्याला म्हणाल्या, "बघा की. घ्या काढून." आणि गुणवत्तेचे ते मालक गुडघ्यावर बसले, गाल फरशीला टेकवला आणि कपाटाखाली हात घालून पाचवा दाणा शोधू लागले. वर्गात त्या चेहऱ्यापुढं शेकडो पोरं चिडीचूप बसत असतील.

दाणा सापडला. बायकोनं तो त्यांच्या तळहातावरून उचलून घेतला आणि पिशवीतली चादर काढून टेबलावर ठेवली. "ही तुमची. आमच्याकडं ही आली होती."

ताईंनी चादर उलगडली, जळकी भोकं बघितली. "अगं बाई. ही तर आपल्या वॉचमनमामाची हाय."

सरांनी खिशातलं एक पेन काढलं आणि परत खिशाला लावलं.

"मला पैसे नकोत," बायको म्हणाली. "वाकळ मी नेणार. तुम्ही जे लिहिलंत तेवढं काढा, आणि जे खरं हाय ते लिहा. आत्ता. मी कोपरा शिवेपर्यंत."

तिनं दिवाणावर मांडी घातली, पाच दाणे आत सरकवले, सुईत दोरा ओवला. समोरच्या खुर्चीत सर मोबाइलवर लिहू लागले. लिहायचे, खोडायचे. मी उगाचच मधे "जोडाक्षर राहिलंय" असं एकदा म्हणालो, शिक्षकी पेशा. कोपरा आधी शिवून झाला. शेवटी त्यांनी लिहिलं, "वस्तू उत्तम होती. परत करताना आमच्याकडून दुसरी चादर पाठवली गेली. विक्रेत्याची काही चूक नाही." "पाठवली गेली" हे वाचून मला हसू आलं. चादर आपल्या पायानं चालत खोक्यात जाऊन बसली जणू. बायकोनं मात्र ते "आम्ही पाठवली" करून घेतलं आणि मगच उठली.

ताई चहाला थांबा म्हणत होत्या. आम्ही थांबलो नाही. मी थांबायला तयार होतो, हेही कबूल करतो.

फाटकाशी बायकोनं चादर वॉचमनच्या मांडीवर ठेवली. म्हातारा ती उलटसुलट करून बघत राहिला. "सापडली व्हय? कुठं सापडली? सर मनले, चोरी गेली मनून. मलाच बोलले, नीट राखण करत न्हाई तू." त्यानं गुणवंतांचा बॅनर अंगावरून काढला, चादर गुंडाळली आणि वर पुन्हा तोच बॅनर घेतला.

परतीच्या बसमध्ये वाकळ तिच्या मांडीवर होती. अहमदपूर येईपर्यंत ती दर थोड्या वेळानं मोबाइल काढून तो अभिप्राय वाचत होती. गल्लीतल्या दोघींना तिनं तो पाठवलाही. मला वाटलं, आता बोलायला हरकत नाही. मी म्हणालो, "एका अर्थी बरंच झालं मी खोकं पार्सलवाल्यासमोर उघडलं नाही. उघडलं असतं तर म्हाताऱ्याची चादर त्याला मिळाली नसती."

तिनं मोबाइल पिशवीत ठेवला. मग वाकळीची घडी नीट करत म्हणाली, "तुमचं काही चुकलं न्हाई ओ. लग्न ठरवताना आमच्या वडिलांनी पण तुम्हाला देणाऱ्यासमोर उघडून बघितलं नव्हतं."